तिसऱ्या रांगेतला पहिला नंबर

पाचोरा,
२ डिसेंबर २०२४

चि. प्रज्ञास मंगल कामना.

रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, तारेने आंब्याला टांगलेला, आणि त्यावर लोखंडी खुंटीचे सात टोले. सातव्या टोल्याचा नाद डोंगराकडे विरत जायचा, आणि तो पुरता विरायच्या आत एकतीस पोरं कविता धरायची. चाळीस वर्षं उलटून गेली, पण दुपारी जरा आडवा झालो की हा आवाज येतो. आधी टोले, मग पोरं.

परवा राकेश दीपनगरहून आला होता. चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, आपली प्रज्ञा आता मुलांचे कान तपासायच्या गाडीवर असते आणि गाडी सातपुड्याच्या पायथ्याला मोहपाड्यापर्यंत जाते. तुझा बाप पुतण्या म्हणून चांगला आहे, पण मोठ्या गोष्टी लहान करून सांगतो. अगं, मोहपाडा म्हणजे माझी शाळा. एकोणऐंशी ते शहाऐंशी. एक खोली, एक मास्तर, चार इयत्ता, सगळी पावरा समाजाची पोरं. त्यांना मराठी यायची नाही आणि मला पावरी, म्हणून मी कविता पुढे केली. अर्थ मागाहून, आधी चाल. साकी, दिंडी, ओवी, जी जमेल ती. नियम एकच होता: कविता सगळ्यांनी मिळून म्हणायची. एकट्याला उभं केलं की पोर बावरतं.

तिथे झिपरू पावरा म्हणून कोणी आहे का बघ. तिसऱ्या रांगेत बसायचा. काय तोंड उघडून, मान डोलवून म्हणायचा! विस्तार अधिकारी आले तेव्हा त्यांनी ओट्यावरूनच बोट दाखवलं, म्हणाले गुरुजी, तो पोरगा पाहा. मी त्याला कविता-गायनाचा पहिला नंबर दिला. छापील प्रमाणपत्र कुठलं तिथे; माझ्याच हाताने लाल शाईत लिहिलं. आता पन्नाशीचा असेल. त्याला म्हणावं, आधार मास्तरांसाठी एकदा कविता म्हण.

फोन करू नकोस. हल्ली फोनवर माणसं तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलतात. पत्र लिही.

तुझा
आधार आबा


यावल,
१५ डिसेंबर २०२४

आदरणीय आबा, सप्रेम जयभीम.

शेवटचं पत्र मी दहावीच्या मराठीच्या पेपरात पाच मार्कांसाठी लिहिलं होतं. तेवढं सांभाळून घ्या.

कामाचं सांगते. गाडीत मी आणि चालवायला कुंदनभाऊ. पाड्यापाड्यावर अंगणवाडीची आणि पहिली-दुसरीची मुलं बघायची. आधी कानात डोकावायचं, मग यंत्रातून मोठे-बारीक आवाज द्यायचे. मूल लहान असलं की त्याचा खेळ करतो: कानात आवाज आला की एक चिंचोका डब्यात टाक. इकडे बऱ्याच मुलांचे कान वाहतात, सर्दी कानात मुरते. दुखत नाही म्हणून कोणी मनावर घेत नाही.

झिपरूभाऊ भेटले. पाड्यावर औषधगोळ्या देणाऱ्या आशाताईंनी तुमचं नाव सांगितलं तसे उठून उभे राहिले. कविता मागितली नाही, गर्दी होती. त्यांची नात दिपमाला सहा वर्षांची आहे, जूनमध्ये पहिलीत जाईल. बोलते थोडं, पण शब्दांचे शेंडे गाळून, घरच्यांनाच कळतं. तपासणीत तिने सगळे चिंचोके एकदम डब्यात ओतले आणि माझ्याकडे पाहून हसली. हे उत्तर मला धरता येत नाही.

पण दोष तिचाच म्हणता येणार नाही. तुमच्या शाळेमागे आता पिठाची गिरणी आहे आणि पुढून केळीचे ट्रॅक्टर जातात. मला अशी जागा हवी आहे जिथे बाहेरचा आवाज येत नाही आणि आतला भिंतीवर आपटून परत येत नाही. शहरात त्यासाठी वेगळी खोली बांधतात. इथे तुम्ही सात वर्षं काढलीत. कुठे मिळेल?

तुमची
प्रज्ञा


पाचोरा,
२८ डिसेंबर २०२४

चि. प्रज्ञास मंगल कामना.

तुझा प्रश्न घेऊन मी मनाने सगळा मोहपाडा फिरून आलो. मोहाची झाडं, नाल्याचं पात्र, देवाचा दगड. सगळीकडे काही ना काही वाजतंच. पाखरं वाजतात, पानं वाजतात. मग आठवलं.

पाड्याच्या खाली चार किलोमीटरवर, मोठ्या गावात, पाटलांचं घर आहे. तेव्हा म्हातारे पाटील भाव येईपर्यंत कापूस विकायचे नाहीत. मधल्या खोलीत तो आढ्यापर्यंत भरलेला असायचा. एकदा पगाराहून परतताना मी तिथे टेकलो होतो, आणि सवयीने एक दिंडी गुणगुणायला लागलो. ओठांबाहेर पडली नाही तोच कापसाने ती पिऊन टाकली. माझाच आवाज मला ऐकू येईना. मी घाबरून ओटीवर येऊन बसलो. म्हाताऱ्यांचा रतिलाल तेव्हा अर्ध्या चड्डीत होता, आता तोच शेती बघतो. यंदाही भाव नाही, म्हणजे खोली भरलेली असणार. जाऊन विचार. माझं नाव सांग.

दिपमाला लाजाळू असेल. लाजाळू पोरांना चाल लावली की मोकळी होतात. आजोबांचा गळा तिच्याकडे आला असला तर नवल नाही. झिपरूला कविता म्हणायला लावायची राहिली, ती या खेपेला लाव.

आमची वृषाली म्हणते मी टीव्ही फार मोठा लावतो. सून गुणी आहे, पण तिचे कान फार नाजूक. तुझ्या यंत्रावर तिला एकदा बसवता आलं तर बघ.

तुझा
आधार आबा


यावल,
२६ जानेवारी २०२५

आदरणीय आबा, सप्रेम जयभीम.

खोली मिळाली. रतिलालभाऊंनी आधी कपाळाला हात लावला. ‘ताई, कापूस पाहायला व्यापारी येईना, अन् तुम्ही कान पाहायला आल्या?’ मग त्यांनीच गड्याला हाक मारून ढिगाच्या मधोमध जागा करून दिली. तिन्ही बाजूंना कापूस, खाली सतरंजी, मध्ये मी, यंत्र आणि एक मूल. आत बोललेलं आतच संपतं. दोन दिवसांत अकरा मुलं नीट तपासून झाली. कुंदनभाऊ बाहेर ओटीवर दोन्ही दिवस शिंकत होते. ते आम्हाला ऐकू आलं नाही.

दिपमालाने या खेपेला चिंचोके एकेक करून टाकले. फार थोडे. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठून डिंकासारखं घट्ट झालंय, म्हणून तिला जवळून मोठ्याने बोललेलंच ऐकू येतं. कानाचा आतला भाग मात्र चांगला आहे. जळगावला आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात पडद्यात बारीक नळी बसवतात, मूल त्याच संध्याकाळी घरी जातं. पैसे पडत नाहीत. मग बोलणंही सुधारतं. तारीख मिळाली आहे २४ फेब्रुवारी. शाळेआधी हे झालं तर ती वर्गात बसेल आणि तिला कळेलही. नाही झालं तर नुसती बसेल.

झिपरूभाऊ नातीसोबत आले होते. गंमत म्हणून त्यांनी ते हेडफोन स्वतःच्या कानांना लावले. मी आवाज देत गेले. डाव्या कानाने काहीच नाही, उजव्याने अगदी थोडं. दोन्ही पडदे लहानपणीच फाटून गेलेत. दिपमालाचे वडील, त्यांचा मुलगा जितेंद्र, याने हे त्यांच्या उजव्या कानाशी ओरडून सांगितलं. ते हसले. मला घरी घेऊन गेले. भिंतीवर काचेच्या चौकटीत तुमचा लाल शाईचा कागद आहे, आबा. खाली तुमची सही.

पुढचं ते बोलले तसंच लिहिते.

‘मास्तरनं मले पैला नंबर देला. मले कविता ऐकूच येत नव्हती. बाजूच्या पोराचं तोंड पाहे, तसंच तोंड करे. आवाज काढतच नव्हतो. तरी नंबर आला का नाही? मंग पोरीच्या कानाले कायले हात लावायचा? तीबी काढंल दिवस.’

तुमची बदली झाल्यावर नवीन मास्तर एकेकाला उभं करायचे, हेही त्यांनी सांगितलं. हे उभे राहिले की नुसतेच उभे राहायचे. छड्या बसल्या. शाळा सुटली. तक्रार म्हणून नाही सांगितलं, पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

जितेंद्र आणि त्याची बायको तयार आहेत, पण घरात बाप म्हणेल ते. मी माझा तपासणीचा कागद पुढे केला, त्यांनी भिंतीवरचा दाखवला. माझ्या कागदापेक्षा तुमच्या सहीचं वजन जास्त आहे. ते तुमचंच ऐकतील. तुम्ही लिहा.

तुमची
प्रज्ञा


पाचोरा,
४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्ञास मंगल कामना.

पत्र मिळालं. कापसात यंत्र चालतं का याची खात्री करून घेतली होतीस ना? वस्तू नाजूक असते, धूळ बसली की चुकते.

झिपरू आवाज काढत नव्हता हे मला पटत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी माणूस आपल्या सोयीने आठवतो. मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली. कोणतं पोर म्हणतं आणि कोणतं नुसतं ओठ हलवतं, हे मला पाठमोरं उभं राहूनही कळायचं. आणि लहानपणीच ऐकू येत नसतं तर पोर बुजरं झालं असतं, घाबरट झालं असतं. झिपरू तसा नव्हता. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा घंटेची तार तुटली आणि तो रुळाचा तुकडा खाली दगडावर आदळला. झिपरू तेव्हा आंब्याखाली पाठ करून बसला होता, दीड हातावर. बाकीची तीस पोरं उडाली, दोघं रडायला लागली, मी स्वतः खुर्चीतून उठलो. झिपरू पाटीवर ‘घ’ काढत होता. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, धीर असावा तर असा. पुढे ज्या ज्या शाळेत गेलो तिथे ही गोष्ट सांगितली. माझ्या निरोपाच्या भाषणातही सांगितली

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. त्याला दोन दिवस झाले. पुढचं सुचत नाही. आहे तसं पोस्टात टाकतो.

आधार आबा


यावल,
१० फेब्रुवारी २०२५

आदरणीय आबा, सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. निम्मं वाटेत गळून पडलं असं मी धरते.

तारीख २४ आहे. आज दहा.

प्रज्ञा


पाचोरा,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्ञास मंगल कामना.

सोबत झिपरूसाठी पत्र आहे. पाकीट उघडंच ठेवलं आहे, आधी तू वाच. तीन वेळा लिहिलं. पहिल्या दोन्ही वेळा त्यात कविता शिरली, म्हणून फाडलं.

त्याचा नंबर काढून घ्यायचा हे सोपं नाही. त्याला आयुष्यात दुसरं बक्षीस मिळालं असेल असं वाटत नाही. मलाही त्या सात वर्षांतली दाखवण्यासारखी तीच एक गोष्ट होती.

आणि एक. फोनवर कोणाच्या तोंडात सुपारी नसते हे तुला डिसेंबरातच कळलं असेल. तुझं शिक्षणच त्यातलं. तू बोलली नाहीस. वृषालीचे कान ठीक आहेत. मीच गेली चार वर्षं समोरच्याच्या ओठांवरून अंदाजाने मान हलवतो. लग्नात, बैठकीत, बँकेत. लोक म्हणतात, आबा किती शांतपणे ऐकून घेतात.

आधार आबा

(सोबतचे पत्र)

झिपरू,

हे जितेंद्रने तुझ्या उजव्या कानाशी मोठ्याने वाचावं.

मी तुला पहिला नंबर गाण्याचा म्हणून दिला. तुझा आवाज मी कधी एकटा ऐकलाच नव्हता. एवढ्या पोरांच्या गलक्यात मला फक्त तुझं तोंड दिसत होतं. ही चूक माझी आहे. वर्षातून एकदा जरी तुला मागून हाक मारली असती तरी कळलं असतं.

दुसऱ्याचं तोंड बघून तू चार वर्षं काढलीस. त्याला किती कष्ट पडतात ते मला आता कळतं, कारण आता मीही तेच करतो. पण मी त्या कष्टाला नंबर दिला नव्हता. ते मला दिसलेच नव्हते. म्हणून तो कागद दाखवून कानाशिवाय चालतं असं कोणाला सांगू नकोस. तुझी शाळा सुटली. चाललं नाही.

दिपमालाला २४ तारखेला जळगावला ने.

आधार मास्तर


यावल,
२ मार्च २०२५

आदरणीय आबा, सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र एकवीस तारखेला मोहपाड्यावर वाचलं. जितेंद्रने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हळू. बाहेर शेजारीपाजारी जमले होते, सगळ्यांनी ऐकलं. झिपरूभाऊंनी एकच विचारलं: ‘मास्तर अजून शे?’ मी म्हणाले, हो, आहेत. त्यांनी पत्र पाकिटात घातलं, पाकीट सदऱ्याच्या खिशात, आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेले. राग होता की काय, मला सांगता येणार नाही. मी चेहऱ्याकडे पाहत होते, पण ते काम मला तुम्हा दोघांइतकं येत नाही.

चोवीस तारखेला दवाखान्यात आमच्याकडून सात मुलं आली. दिपमाला आली नाही. दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेले तर घराला कडी. सगळे रावेरकडे केळीच्या कामाला गेले होते, पोरीला घेऊन. मी रजिस्टरमध्ये ‘आले नाहीत’ असं लिहिलं. तेवढाच रकाना असतो.

होळीला ही माणसं कुठेही असली तरी पाड्यावर परततात. त्याआधी भोंगऱ्याचा बाजार भरतो. तिथे जितेंद्र भेटला तर त्याला पुढची तारीख सांगेन: अठरा मार्च, मंगळवार, सकाळी दहा. ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेरगावचे आहेत. अठरानंतर ते थेट पावसाळ्यात येतील, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर.

तुमच्या पत्रात मला काही कमी वाटलं नाही. पण एकदा दिलेला नंबर चाळीस वर्षांनी मागे घेतला तर माणूस काय करेल, हे आमच्या पुस्तकात नाही.

तुमच्या कानांसाठी जळगावला कधीही या. तारीख लागत नाही.

तुमची
प्रज्ञा


पाचोरा,
१७ मार्च २०२५

चि. प्रज्ञास मंगल कामना.

उद्या मंगळवार. तुझ्याकडून पुढचं काही कळलं नाही, म्हणजे कळण्यासारखं नसेल असं समजतो. भोंगऱ्यात जितेंद्र भेटला की नाही, भेटला तर काय म्हणाला, याचा मी रोज वेगवेगळा शेवट करतो. सवय जुनी आहे. कवितेचं शेवटचं कडवं पुस्तकातून फाटलेलं असलं की मी पोरांना ते स्वतः रचून द्यायचो.

मध्ये एकदा वाटलं, आपणच जावं मोहपाड्याला. वृषालीला विचारलं. तिने गुडघ्यांकडे बोट दाखवलं. तेवढं न ऐकताही कळलं. आणि जाऊन तरी काय सांगणार? जे सांगायचं ते कागदावर लिहून दिलं. त्यात आता मी भर घालू शकत नाही आणि त्यातलं काही मागे घेऊ शकत नाही.

परवा इथल्या शाळेवरून जात होतो. आत मुलं कविता म्हणत असावीत. खिडकीतून ओळीने तोंडं उघडताना-मिटताना दिसली. आवाज माझ्यापर्यंत पोचला नाही. मी बराच वेळ उभा राहून ओळखायचा प्रयत्न केला, यातलं कोण म्हणतंय आणि कोण नुसतं ओठ हलवतंय. ओळखता आलं नाही, प्रज्ञा. एकालाही नाही. छत्तीस वर्षं मी

कागदावरचा उजेड कमी झाला म्हणून मान वर केली. दारात माणूस उभा आहे. डोक्याला रुमाल, खांद्याला पिशवी, आणि बोटाला धरलेली एक पोर, लाल फ्रॉकमधली. माणसाच्या हातात माझ्याच अक्षरातलं, मागे माझा पत्ता असलेलं पाकीट आहे; स्टँडपासून ते दाखवत दाखवत घर शोधलंय म्हणे. मी त्याला ओळखलं नाही, हे खरं लिहितो. त्यानेच नाव सांगितलं, इतक्या मोठ्याने की मलाही ऐकू आलं.

सकाळी यावलहून निघाला. जळगावला उतरून दवाखाना लांबून बघून ठेवला आणि तिथून पुढे इथवर आला. जितेंद्र आणि सून उद्या रावेरहून परस्पर येणार आहेत. मी विचारलं, मग इतक्या लांब माझ्याकडे कशाला?

‘उद्या पोरीचं ऑपरेशन शे,’ तो म्हणाला. ‘जितेंद्र सांगंल ते थोडं सांगंल, बाप घाबरंल म्हनून. डाक्टर बठ्ठं काय बोलंल ते मले समजाव नही. तुम्ही संगे चला.’

मी म्हणालो, झिपरू, मलाही ऐकू येत नाही रे.

तो माझ्या तोंडाकडेच बघत होता. त्याला पहिल्याच वेळेला कळलं.

‘मंग डाक्टरले लिखाले लावू,’ तो म्हणाला. ‘तुम्ही वाचजा.’

दोघं अजून उंबऱ्याबाहेरच आहेत. वृषाली पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली आहे, आणि पोर तिच्या हातातल्या बांगड्यांकडे टक लावून बघते आहे. पत्र इथेच सोडतो. उद्या हातोहात देईन.